रस्त्यावरचं मीठ आणि मिठागरातलं कडवट पाणी

गोव्यात पेडण्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरांत मीठ धरून झालं की वाफ्यात थोडं जड, कडवट पाणी उरतं. ते वेळेवर सोडून द्यावं लागतं. वाफ्यात राहिलं तर मीठ कडू होतं आणि ढीग घातल्यावरही ओलसर राहतं. त्या पाण्यात मुख्यतः मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्यांतलं मॅग्नेशियम क्लोराईड थंड देशांत पैसे मोजून विकत घेतात आणि कोरड्या मिठावर फवारतात. बर्फाळ रस्त्यांसाठी ‘प्रक्रिया केलेलं मीठ’ म्हणून जे विकलं जातं, त्यातला एक मोठा प्रकार हाच. आपण ज्या दोषासाठी पाणी काढून टाकतो, तोच दोष तिथे कामाला येतो.

लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, त्यांतले 27 ग्रॅमच्या आसपास साधं मीठ. पाणी आटत आटत मूळच्या दहाव्या हिश्शावर आलं, म्हणजे पाण्याचा दाटपणा मोजणाऱ्या बोमे मापकावर 25-26 अंश झाले, की मीठ धरू लागतं. 29-30 अंशांच्या पुढे गेलं की मॅग्नेशियमचे क्षार मिठाला जास्तच चिकटू लागतात. शुद्ध मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांवर गेल्याशिवाय पाणी ओढत नाही. मॅग्नेशियम क्लोराईड मात्र 33 टक्क्यांच्या पुढेच ओढू लागतं. पावसाळ्यात कुठलंही मीठ भिजेल, पण आगराचं जाडं मीठ डिसेंबरातही हाताला ओलं लागतं ते यामुळे.

आता हा ओलावा रस्त्यावर कशाला हवा? कारण कोरडा मिठाचा खडा बर्फाचं काहीच करत नाही. काम करतं ते मिठाचं पाणी. खडा आधी थोडा विरघळला पाहिजे, आणि त्यासाठी द्रव पाणी पाहिजे. शून्याखाली एखाद-दुसरा अंश असेल तर बर्फाच्या पृष्ठभागावर तेवढा ओलावा मिळून जातो. उणे 8 ला तो जेमतेम असतो. त्यातून साधं मीठ विरघळताना उष्णता शोषतं आणि बर्फ वितळतानाही शोषतो. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या बादलीत बर्फावर मीठ टाकलं की बादली आणखी गार होते, तेच रस्त्यावर घडतं. खडा जागच्या जागी थंडगार होऊन बसून राहतो, आणि तोवर एखादा ट्रक येऊन त्याला कडेच्या गटारात उडवतो.

मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू जास्तीत जास्त उणे 21 अंशांपर्यंत उतरतो, तोही वजनाने 23.3 टक्के मीठ असेल तेव्हाच. हा आकडा जाहिरातीत शोभतो, रस्त्यावर फसवतो. खरा हिशेब एक किलो मीठ किती बर्फ वितळवतं याचा आहे. उणे 1 अंशाला सुमारे 46 किलो, उणे 4 ला 14 किलो, उणे 9 ला जेमतेम 6 किलो आणि उणे 18 ला पावणेचार किलो. रस्त्यावर अर्धा मिलिमीटर बर्फ असेल तर चौरस मीटरला साधारण 460 ग्रॅम बर्फ झाला. उणे 1 ला तो वितळवायला 10 ग्रॅम मीठ पुरतं, उणे 4 ला 32 ग्रॅम लागतं आणि उणे 9 ला 70 च्या वर. म्हणून उणे 9 च्या खाली साध्या मिठाचा नाद बहुतेक ठिकाणी सोडतात. हे सगळं तापमान रस्त्याच्या पृष्ठभागाचं, हवेचं नव्हे. निरभ्र पहाटे रस्ता हवेपेक्षा थंड असतो, म्हणून मीठ पसरणाऱ्या गाडीवर इन्फ्रारेड तापमापक बसवतात.

प्रक्रिया करायची रीत सोपी आहे. मिठाचा जास्तीत जास्त खडा 10 मिलिमीटरच्या आत हवा. पट्ट्यावरून मीठ ढिगाकडे जात असताना त्यावर नोझलमधून सुमारे 30 टक्के मॅग्नेशियम क्लोराईडचं द्रावण फवारतात, टनाला 25 ते 40 लिटर. पट्टा नसेल तर लोडरच्या बादलीने थर उलटसुलट करत फवारतात, पण त्यात काही खडे न्हाऊन निघतात आणि काही कोरडेच राहतात. बऱ्याचदा त्यात उसाच्या मळीसारखा चिकट पदार्थही मिसळतात. मळीने खड्यावरचा थर टिकतो आणि गंजही थोडा कमी होतो. साधं मीठ ढिगात दगड होऊ नये म्हणून त्यात सोडियम फेरोसायनाइड अगदी अल्प प्रमाणात घालतात. इथे खड्यावरचा ओला थरच ते काम बऱ्यापैकी करतो.

विक्रेते हे मीठ उणे 20 च्याही खाली चालतं असं सांगतात, तेव्हा कागद-पेन्सिल घ्यावी. टनाला 30 लिटर द्रावण म्हणजे 38 किलोच्या आसपास, आणि त्यात मॅग्नेशियम क्लोराईड साडेअकरा किलो. टनभर मिठात हे सव्वा टक्कासुद्धा भरत नाही. मॅग्नेशियम क्लोराईडच्या पाण्याचा गोठणबिंदू उणे 33 पर्यंत उतरतो हे खरं, पण खडा पूर्ण विरघळल्यावर जे पाणी होतं ते जवळजवळ साध्या मिठाचंच असतं. कोरडं मॅग्नेशियम क्लोराईड विरघळताना उष्णता सोडतं, असंही सांगतात. फवारलेलं तर आधीच विरघळलेलं असतं, मग उष्णता कुठून येणार? फायदे दोनच, आणि ते पुरेसे आहेत: खडा ताबडतोब कामाला लागतो आणि रस्त्याला चिकटतो. मिशिगनमधल्या चाचण्यांत कोरड्या मिठातलं सुमारे 30 टक्के उसळून रस्त्याबाहेर गेलं होतं, ओलवून टाकलेल्यातलं 4 टक्के.

बचत होते ती इथेच, आणि हातची जाते तीही इथेच. इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेल्या गोमंतकीयांनी हिवाळ्यात पिवळा दिवा लावून रात्री फिरणारी मीठगाडी पाहिली असेल. नुसतं दहिवर गोठायची भीती असेल तेव्हा ती बर्फ धरायच्या आधीच चौरस मीटरला 10 ग्रॅमच्या आसपास मीठ टाकत जाते. हिमवर्षाव अपेक्षित असेल तर 20 ते 40 ग्रॅम. सात मीटर रुंद रस्त्यावर 10 ग्रॅमने किलोमीटरला 70 किलो लागलं. चिकटणारं मीठ असेल तर 50 किलोंत भागायला हवं. पण गाडीचं मीठ सोडणारं फाटक कोरड्या मिठाच्या मापावर ठेवलं असेल तर महागडं मीठ पूर्वीइतकंच जातं. शिवाय ओलं मीठ पट्ट्यावरून वेगळ्या चालीने सरकतं. म्हणून दर नव्या मालाला गाडीचं माप पुन्हा जुळवायचं: ताडपत्री पसरायची, एका मिनिटात पडलेलं मीठ गोळा करून तोलायचं, गाडीच्या वेगाशी ताडून पाहायचं. गाडी ताशी 40 किलोमीटरच्या पुढे गेली की मीठ पुन्हा उसळायला लागतं, चिकट असो वा नसो.

ढीग छपराखाली आणि डांबरी किंवा काँक्रीटच्या जमिनीवरच हवा. टनाला 40 लिटरच्या वर द्रावण घातलं तर ते ढिगाच्या तळाशी झिरपून साठतं, वरचे खडे कोरडे आणि खालचा चिखल. द्रावण दाट असणं म्हणजे चांगलं असणं, हाही गैरसमज आहे. मॅग्नेशियम क्लोराईड 21-22 टक्क्यांना सर्वात खाली गोठतं. त्याहून जितकं दाट करावं तितक्या कमी थंडीत स्फटिक धरतात आणि नोझल तुंबतात. नुसतं मिठाचं पाणी फवारायचं असेल तेव्हाही तेच: लिटरभर पाण्याला 304 ग्रॅम मीठ, दाटपणा मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर 1.176 च्या आसपास. त्यापुढे मीठ घातलं तर थंडीत त्याचे स्फटिक धरू लागतात.

मग आगरवाड्याचं कडवट पाणी थेट बर्फावर चालेल का? तसंच्या तसं नाही. त्यात साधं मीठ अजून बरंच असतं आणि सल्फेटही, तेव्हा आणखी आटवून वेगळं करावं लागतं. बाजारातलं मॅग्नेशियम क्लोराईड बरंचसं मृत समुद्र आणि अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या पाण्यातून येतं.

रस्त्यावर टाकलेलं क्लोराईड कुठे नाहीसं होत नाही. वितळलेल्या पाण्याबरोबर ते ओढ्यात जातं. अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी दीर्घकाळची मर्यादा लिटरला 230 मिलिग्रॅम धरतात, म्हणजे वीस लिटर पाण्यात चमचाभर मिठाच्या जवळपास. मळी मिसळलेली असेल तर ती कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते.

पुलांचं दुखणं याहून मोठं आहे. खाऱ्या हवेत पोलादाचं काय होतं ते गोव्याला सांगायला नको. मांडवीवरचा नेहरू पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला, तेव्हा ताण दिलेल्या पोलादी केबल्सना लागलेला गंज हे प्रमुख कारण मानलं गेलं. थंड देशांत ही खारी हवा माणसंच तयार करतात, आणि तीही नेमकी पुलावर. पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून गार वारा लागतो, म्हणून तो बाकीच्या रस्त्याआधी गोठतो आणि मीठही त्याच्यावर आधी पडतं. मॅग्नेशियम तर सिमेंटलाही सोडत नाही. सिमेंटला धरून ठेवणाऱ्या कॅल्शियमची जागा घेऊन ते त्याची पकड ढिली करतं. वाहनांच्या बाबतीत खोच अशी की मॅग्नेशियम क्लोराईड लागलेला पत्रा कोरड्या दिवशीही ओलाच राहतो. थंडी सरून तापमान चढलं की गंजाचा वेग वाढतो. म्हणून मीठगाडीची चेसिस प्रत्येक फेरीनंतर खालून भरपूर पाण्याने धुतात, आणि मोसम संपल्यावर हॉपरमधला, म्हणजे गाडीवरच्या मिठाच्या टाकीतला, शेवटचा खडासुद्धा काढून पट्ट्याची साखळी आणि बेअरिंग ग्रीस करून ठेवतात.