गिल्बर्ट हिल : ‘जगात फक्त तीन’ हे खरं नाही

अंधेरी पश्चिमेच्या गिल्बर्ट हिलबद्दल एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय : असा उभ्या खांबांचा खडक जगात फक्त तीन ठिकाणी आहे, इथे आणि अमेरिकेत दोन जागी, डेव्हिल्स टॉवर आणि डेव्हिल्स पोस्टपाइल. वर्तमानपत्रंही तेच छापतात.

मुळात हे तिघे सख्खे भाऊ नाहीतच. डेव्हिल्स टॉवरचा खडक फोनोलाइट, म्हणजे गिल्बर्ट हिलसारखा बेसॉल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा खडक) नव्हे. पोस्टपाइल बेसॉल्टचा, पण वय एक लाख वर्षांहून कमी. आपला गिल्बर्ट हिल सहा-साडेसहा कोटींचा.

तप्त लाव्हारस निवताना आकसतो, तडकतो आणि तडे खोल उतरत जाऊन पाच-सहा कोनांचे खांब सुटे होतात. हे कुठेही घडू शकतं. उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेवर असे सुमारे ४०,००० खांब आहेत. १९८६ पासून तो जागतिक वारसा आहे. लांब कशाला, कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळ्याकडे बांदिवड्यालाही स्तंभ आहेत.

गिल्बर्ट हिलचं खरं वैशिष्ट्य वेगळंच : खाणकामाने आजूबाजूचा डोंगर खाल्ला, म्हणून साधारण ६० मीटरचा हा काळा कडा असा सुटा, ताठ दिसतो. वर गावदेवीचं देऊळ, खाली अगदी पायथ्याला भिडलेल्या इमारती. वाचवायला एवढं कारण पुरे होतं की!