उचललेली जीप आणि तीन अंशांची पाचर

नाशिकमध्ये जीपवेड्यांची कमी नाही. गाव महिंद्रांच्या कारखान्याचं, त्यात पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकचा चिखल हाकेच्या अंतरावर. मग कुणीतरी म्हणतं, "गाडी जरा उचलून घे." मीही घेतली. जुनी, चारही चाकांवर पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) असलेली जीप. मिस्त्रीने पुढे-मागे एकेक पाटा वाढवला, पुढचे शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या झुलत्या पट्ट्या) लांब केले, मोठे टायर घातले. नुसत्या पाटे-शॅकलमुळे गाडी साधारण ७५ मिलिमीटर वर आली. दिसायला झकास!

विल्होळीच्या पुढे हायवेला लागलो आणि घाम फुटला. वळण संपल्यावर आपणहून सरळ होणारं स्टिअरिंग आता जिथे सोडावं तिथेच राहत होतं. होडी वल्हवल्यासारखी गाडी सारखी आवरावी लागत होती.

यामागचं कारण सायकलवर बघता येतं. फक्त सीट धरून सायकल पुढे ढकला, हँडल बऱ्यापैकी सरळ राहतं. मागे ओढा, हँडल लगेच गर्रकन वळतं. हँडलचा दांडा मागे कललेला असतो. त्याची रेघ जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे पोचते. म्हणजे टायर त्या बिंदूमागून फरफटत येतो, आणि फरफटणारी वस्तू ओढणाऱ्याच्या रेषेत येऊ पाहते. जीपमध्ये हीच कलती रेघ किंगपिनची, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिची. तिच्या कलाला कॅस्टर म्हणतात.

अशा जुन्या जीपचा कॅस्टर जेमतेम ३ अंशांचा. ३७० मिलिमीटर त्रिज्येच्या टायरला त्यातून मिळणारं फरफटीचं अंतर फक्त १९ मिलिमीटर, दोन बोटांच्या रुंदीहून कमी. स्टिअरिंग सरळ करण्याचं बरंचसं काम एवढ्यावर चालतं.

आता शॅकलकडे या. माझ्या गाडीत ते पाट्याच्या पुढच्या टोकाला आहेत. पाट्याची लांबी सुमारे १ मीटर. पुढचं टोक ५० मिलिमीटर खाली गेलं की अख्खा पाटा जवळजवळ ३ अंशांनी पुढे झुकतो आणि त्याला जखडलेला, दोन चाकं जोडणारा अ‍ॅक्सलही. कॅस्टर शून्य! गंमत म्हणजे एवढं करून शॅकलमुळे गाडी वर येते निम्मीच, २५ मिलिमीटर. (शॅकल मागच्या टोकाला असते तर कॅस्टर उलट वाढला असता.)

अलाइनमेंटवाल्याकडे गेलो तर त्याने टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) तपासला आणि "ओके आहे" म्हणाला. त्याचंही खरंच होतं. सलग अ‍ॅक्सलवर दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या टाय रॉडने टो बदलतो, कॅस्टरसाठी नट नसतो.

दुसरं दुखणं ड्रॅग लिंकचं, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकाकडे नेणाऱ्या दांड्याचं. पॉवर स्टिअरिंग बसवताना ती आडवी घेतलेली, लांबी ९०० मिलिमीटर. सपाट असताना चाक ५० मिलिमीटर खड्ड्यात गेलं तर तिचं टोक बाजूला सरकतं १.४ मिलिमीटर. गाडी उचलल्यावर लिंक आधीच ७५ मिलिमीटर तिरकी, मग तोच खड्डा ५.६ मिलिमीटर ओढतो. चाकाकडच्या १५० मिलिमीटरच्या स्टिअरिंग आर्मवर हे २ अंशांहून जास्त. आपण हात हलवला नाही तरी चाक वळतं. उपाय म्हणजे खाली वाकवलेला पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्सवरची, लिंक हलवणारी भुजा), लिंक पुन्हा आडवी करणारा. पण पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला बाजूला सरकू न देणारा दांडा) असलेल्या गाडीत त्या रॉडला तसंच खाली न घेता नुसता आर्म बदलला, तर दोघांचे चाप जुळत नाहीत आणि खोड वाढते. काहीजण स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा शॉक अब्झॉर्बर) लावून थरथर दाबतात. ते मला तापावर गोळी घेऊन पुन्हा कामाला जाण्यासारखं वाटतं.

कॅस्टरसाठी शेवटी पाचर मारली. पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये बसणारी ३ अंशांची स्टीलची पाचर, जाड बाजू पुढे. बसवण्याआधी आणि नंतर मोबाइलवरच्या पाणसळीने कोन मोजला. पाटे सुटे झालेच होते, म्हणून ते बांधणारे यू-बोल्टही नवे घेतले.

हात सैल सोडला की स्टिअरिंग आता परत येतं. मात्र अ‍ॅक्सल मागे कलला तसं त्याच्या पिनियनचं (शाफ्ट जिथे जोडतो त्या गिअरचं) नाक खाली गेलं, गिअरबॉक्सची बाजू तर आधीच वर गेलेली. त्यामुळे गिअरबॉक्सकडून ताकद आणणाऱ्या पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (वाकता सांधा) जास्त कोनात फिरतो. अंजनेरीच्या चढावर फोर-बाय-फोर टाकलं की पायाखाली बारीक गुरगुर ऐकू येते. ग्रीसगन आता सीटखालीच ठेवतो.