‘नेम’ आणि ‘बार’ यांतला फरक

फोंडा तालुक्यात शाळकरी मुलांना हवेच्या रायफलीने नेम धरायला शिकवताना मला दर वर्षी एक प्रश्न ठरलेला असतो. एखाद्या मुलाचे छर्रे कागदाच्या मध्यावर पडू लागले की त्याचे वडील किंवा काका कौतुकाने विचारतात, “आता याला रानात नेला, तर हरीण सहज पाडील ना?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते; पण या प्रश्नात दोन निरनिराळ्या गोष्टी एकच समजल्या गेलेल्या असतात, आणि ती गल्लत जनावराच्या, कधी कधी माणसाच्याही जिवावर बेतते. पहिली गोष्ट नेम, म्हणजे ठरवलेल्या जागी गोळी पोचवण्याचे कसब. दुसरी गोष्ट बार, म्हणजे या क्षणी, या जनावरावर, इथे उभे राहून गोळी सोडावी की न सोडावी याचा निवाडा.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याची बाजू स्पष्ट केली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या कलम ९ नुसार आपल्याकडे वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे, आणि गोव्याच्या रानातली सांबरे, चितळे व भेकरे त्या संरक्षणाखाली येतात. त्यामुळे वडिलांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर ‘न्यायचेच नाही’ हे आहे. पण नेम आणि बार यांतला फरक ज्यांनी बारकाईने तपासला ते लोक हरणांची शिकार कायदेशीर असलेल्या देशांतले आहेत. स्कॉटलंडात तर लांडगे काही शतकांपूर्वीच नाहीसे झाल्यामुळे हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम बंदुकीलाच करावे लागते. म्हणून पुढची बरीचशी उदाहरणे तिकडची आहेत.

नेमाची परीक्षा खेळात सर्वांत शुद्ध रूपात दिसते. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो, तर त्यावर जाणारा छर्रा साडेचार मिलिमीटरचा. नेमबाजाला पात्रता फेरीत ६० छर्रे मिळतात, आणि त्याआधी हवे तितके सरावाचे छर्रे झाडून नेम धरायच्या छिद्राची जुळणी पाहता येते. लक्ष्य हलत नाही, अंतर मोजलेले असते, उजेड ठरावीक असतो आणि लक्ष्याच्या मागे गोळी अडवणारी भिंत कुणीतरी आधीच बांधून ठेवलेली असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, तेव्हा गुडघा टेकून, पालथे झोपून आणि उभे राहून अशा तिन्ही स्थितींत त्याने शरीरावर जो ताबा ठेवला तो नेमाचा कळस होता. हे कसब कमी लेखण्याचा माझा हेतू मुळीच नाही. माझे अर्धे आयुष्य ते शिकण्यात आणि शिकवण्यात गेले आहे.

मात्र त्या गुणफलकाच्या गणितात एक गोष्ट दडलेली आहे, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच आहे. खेळात निकाल बेरजेवर लागतो. ५९ छर्रे उत्तम गेले आणि एक घसरला, तर त्या एकाची किंमत एखादा गुण असते. रानात बेरीज नसते. हरणाच्या अंगावर गोळी जाते ती एकच. ती तुमच्या साठ गोळ्यांपैकी सर्वोत्तम असेल की सर्वांत वाईट, हे झाडण्यापूर्वी ठरलेले नसते. दहापैकी नऊ गोळ्या जागेवर बसवणारा माणूस मैदानात वाखाणला जातो, पण त्याची दहावी गोळी रानात गेली तर जबडा फुटलेले किंवा पाय तुटलेले हरीण झाडीत नाहीसे होते आणि कित्येक दिवस कुढत मरते. म्हणून जाणते शिकारी डोक्यावर बार टाकण्याचे सहसा टाळतात. मेंदू छोटा आहे, डोके सतत हलते आणि चुकलेली गोळी बहुधा जबड्यात जाते. ते खांद्यामागची हृदय-फुप्फुसांची जागा धरतात. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणात ती साधारण २० ते २५ सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे जेवणाच्या ताटलीएवढी असते. युरोपातल्या छोट्या रो हरणात ती आणखी लहान असते.

ताटलीएवढी जागा म्हटल्यावर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका टिपणाऱ्याला ती फारच सोपी वाटते. इथे अंतर, स्थिती आणि वेळ या तिन्हींचा हिशेब करावा लागतो. समजा, एका माणसाच्या गोळ्या पालथे झोपून, रायफलीला टेकू देऊन १०० मीटरवर पाच सेंटिमीटरच्या वर्तुळात बसतात. तोच माणूस चढण चढून धापा टाकत आल्यावर गुडघ्यावर बसला की ते वर्तुळ सहज तिप्पट होते, आणि अंतर दुप्पट केले की पुन्हा दुप्पट. म्हणजे २०० मीटरवर त्याच्या गोळ्या ३० सेंटिमीटरमध्ये विखुरतात आणि ताटली अपुरी पडते. रायफल तीच, माणूस तोच, नेमही तोच, पण बार आता अयोग्य झालेला आहे. ब्रिटनमध्ये हरणांच्या शिकाऱ्यांसाठी असलेल्या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेत हाच विचार अंतरांमध्ये उतरवलेला दिसतो. हरणाच्या आकृतीवर १०० मीटरवरून झोपून दोन, ७० मीटरवरून बसून किंवा गुडघा टेकून दोन आणि ४० मीटरवरून उभ्याने दोन गोळ्या झाडायच्या असतात. शरीराचा आधार जसजसा कमी होतो तसे अंतरही कमी केलेले आहे. नॉर्वेत मोठ्या जनावरांच्या शिकाऱ्याला दर वर्षी नव्याने १०० मीटरवरून प्राण्याच्या आकृतीवर पाच गोळ्या झाडून दाखवाव्या लागतात, आणि पाचही आखलेल्या भागातच बसाव्या लागतात. सरासरी तिथे चालत नाही.

वेळेचा हिशेब त्याहून कमी लोक करतात. सेकंदाला सुमारे ८५० मीटर वेगाने सुटलेली गोळी ३०० मीटर अंतर कापायला साधारण ०.४ सेकंद घेते. तेवढ्यात सावकाश चरत चालणारे हरीण एक पाऊल टाकते, म्हणजे जवळजवळ अर्धा मीटर पुढे सरकते, आणि फुप्फुसावर धरलेला नेम पोटात उतरतो. नेमबाजाने काहीही चूक केलेली नसते. चाप दाबतानाचे त्याचे चित्र अगदी बरोबर होते. चूक झाली ती चालत्या जनावरावर इतक्या लांबून बार टाकावा या निर्णयात.

मग जनावर कसे उभे आहे हे पाहायचे. आडवे उभे असेल, किंवा किंचित पाठमोरे तिरपे असेल, तर गोळी फुप्फुसांतून जाते. समोरून येत असेल किंवा पूर्ण पाठमोरे असेल, तर ती आधी हाडांतून किंवा आतड्यांतून जाते. मागे दुसरे हरीण असेल, तर आरपार गेलेली गोळी त्यालाही लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या सगळ्याच्या मागे काय आहे. मोठ्या रायफलीची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते, आणि पॉइंट टू-टू सारख्या छोट्या काडतुसाचीही सुमारे दीड किलोमीटर. म्हणून स्कॉटलंडातले अनुभवी लोक टेकडीच्या माथ्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या हरणावर गोळी झाडत नाहीत, मग ते कितीही जवळ आणि कितीही निश्चल असो. मागे माती नाही, म्हणजे बार नाही. मैदानातल्या नेमबाजाला हा प्रश्न पडतच नाही, कारण त्याची भिंत दुसऱ्याने बांधलेली असते. रानात ती भिंत दर वेळी स्वतः शोधावी लागते.

गोळी सुटल्यानंतरही दोन्ही गोष्टी वेगळ्याच राहतात. नेमाचे काम तिथे संपते. बाराची जबाबदारी तिथून पुढे बराच वेळ चालते, कारण फुप्फुसांत गोळी लागलेले हरीणही पन्नास-शंभर मीटर धावून मग कोसळते आणि नवखा माणूस ‘चुकली’ म्हणून पाठ फिरवतो. म्हणून जनावर जिथे उभे होते त्या जागी जाऊन रक्त पाहावेच लागते. फेसाळ, गुलाबीसर रक्त फुप्फुसांचे, गर्द काळसर रक्त बहुधा यकृताचे, आणि हिरवट मळ मिसळलेला असेल तर गोळी पोटात गेलेली असते. अशा वेळी लगेच पाठलाग केल्यास जखमी जनावर आणखी लांब पळते, म्हणून काही तास थांबून माग काढायचा असतो. जर्मनीत या कामासाठी खास कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या तयार केले गेले. ज्याच्याकडे माग काढायची तयारी नाही, त्याने संध्याकाळच्या शेवटच्या उजेडात बार टाकणे योग्य नाही, मग त्याचा नेम कसाही असो.

हे सगळे परदेशातले, आपल्याला काय त्याचे, असे कुणी म्हणेल. पण सत्तरीत, सांग्यात, काणकोणात अनेक शेतकऱ्यांकडे पीक राखण्यासाठी परवान्याची बंदूक असते, कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, रानडुकरे येतात, गवे भाताची नासाडी करतात, आणि शेतकऱ्याचा संताप खरा असतो. पिकासाठीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. तो अधिकार कायद्याने ठरवलेल्या मार्गाने मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीतूनच येतो. तरीही रात्री बॅटरीच्या झोतात दोन डोळे चमकले किंवा झुडपात खसखस झाली की बार काढण्याचा मोह होतो, आणि त्या क्षणी नेमाचा काहीच उपयोग नसतो. चमकणाऱ्या डोळ्यांवरून शरीर कोणत्या दिशेला आहे, ते डुक्कर आहे की शेजाऱ्याचे वासरू, आणि पलीकडे कुणी दुसरा राखणीला बसला आहे का, यांतले काहीही कळत नाही. आमच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या पठारांवर, ही अडचण अधिक मोठी आहे. सड्याच्या कडेवर उभ्या जनावरामागे आकाश असते आणि कडेखाली वस्ती असते, आणि जांभ्यावर आपटलेली गोळी कुठल्याही दिशेला उडू शकते. डुकराच्या भ्रमात माणूस मारला गेल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचलेल्या आहेत. त्यांतल्या कित्येक गोळ्या नेमके धरलेल्या जागीच लागल्या असणार, हा विचार मला फार अस्वस्थ करतो.

या अस्वस्थपणातूनच मी सरावात एक बदल केला. शनिवारी शेवटच्या पाळीत प्रत्येक मुलाला एकच छर्रा मिळतो. आधी मैदानाला दोन फेऱ्या धावून यायचे, मग उभ्याने रायफल उचलायची. आधीचा सरावाचा छर्रा नाही आणि दुसरी संधीही नाही. धाप थांबत नसेल, माशी, म्हणजे नळीच्या टोकाची नेमाची खूण, स्थिर होत नसेल, किंवा मी मुद्दाम लक्ष्यामागचा छर्रे अडवणारा पडदा बाजूला सरकवून ठेवलेला असेल, तर छर्रा परत डबीत ठेवायचा. माझ्या वहीत त्यासाठी दोन रकाने आहेत, एक आत लागलेल्यांचा आणि एक डबीत परत आलेल्यांचा. पहिले दोन महिने दुसरा रकाना कोरा होता. पडदा उघडा असतानाही सगळ्यांनी झाडले. गेल्या शनिवारी आठ मुलांपैकी तिघांनी छर्रा परत आणून दिला, आणि त्यांतली एक मुलगी आमच्या गटात सर्वांत जास्त गुण मिळवणारी आहे.