सराटा आणि लांडगा : 'गोखरू' या एका नावाच्या दोन वनस्पती

पावसाळा ओसरला की सोलापूरच्या आसपास माळरानावर आणि तलावांच्या काठी गटागटाने निसर्गशिबिरे भरतात. एखादी रात्र तंबूत काढायची, पहाटे पक्षी पाहायचे आणि परतताना वाटेवरच्या औषधी वनस्पतींची ओळख करून घ्यायची, असा त्यांचा साधारण क्रम असतो आणि तो मला मनापासून आवडतो. मात्र गोखरूची पाळी आली की दरवेळी तोच घोळ होतो, आणि हा घोळ जिवावर बेतू शकतो.

आयुर्वेदातील गोक्षुर म्हणजे आपला सराटा. त्याची ओळख सोलापूरकरांना करून द्यायला नको. मुरमाड जमिनीलगत पसरणारी, चिंचेसारख्या बारीक पानांची आणि पिवळ्या फुलांची ही वनस्पती अनवाणी पायांना आणि सायकलच्या ट्यूबला चांगली ठाऊक आहे. दशमुळांत तिची गणना होते, आणि लघवीच्या तक्रारींवर वैद्य तिची फळे परंपरेने देत आले आहेत.

दुसरी वनस्पती म्हणजे झँथियम स्ट्रुमेरियम. तिला कुठे लांडगा म्हणतात, कुठे शंकेश्वर, आणि दुर्दैवाने अनेक गावांत सरळ गोखरूच म्हणतात. ती कमरेएवढी उभी वाढते, तिची पाने रुंद व खरखरीत असतात, आणि हिप्परगा तलावाचे किंवा उजनीचे पाणी मागे सरले की उघड्या पडलेल्या गाळावर ती दाट माजते. वाढलेली झाडे शेजारी ठेवली तर लहान मूलही फरक सांगेल, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

फसगत होते ती सुटे फळ आणि कोवळे रोप पाहताना. हिप्परग्याच्या काठावरील एका फेरीत एका मावशींनी साडीच्या काठाला चिकटलेली फळे एकेक करून सोडवली, रुमालात बांधली आणि काढ्यासाठी घरी न्यायला घेतली. मी त्यातले एक तळहातावर ठेवून त्यांना दाखवले. ते लांबट होते, अंगभर काटे होते, आणि प्रत्येक काट्याचे टोक गळासारखे वाकलेले होते. सराट्याचा काटा सरळ असतो. त्याचे फळ वाळल्यावर पाच तुकड्यांत फुटते आणि प्रत्येक तुकड्याला दोन लांब, दोन आखूड काटे राहतात. कपड्याला चिकटतो तो लांडगा आणि पायात रुततो तो सराटा, एवढे लक्षात ठेवले तरी फळांची गल्लत होणार नाही.

रोपांच्या बाबतीत चूक अधिक महागात पडते. सराट्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतात, आणि 'गोखरूची रानभाजी' म्हणून तिची कृती फोनवरून सर्वत्र फिरते. ज्याच्या गावी गोखरू म्हणजे लांडगा, तो ती कृती वाचून गाळावरची रोपे खुडणार. लांडग्याच्या बियांत आणि नुकत्या उगवलेल्या दोन दलांच्या (म्हणजे बियातून निघणाऱ्या पहिल्या दोन पानांच्या) रोपांत कार्बोक्सिअ‍ॅट्रॅक्टिलोसाइड नावाचे विष असते व ते यकृतावर घाला घालते. बांगलादेशात सिल्हेट भागात 2007 मध्ये अन्नटंचाईच्या काळात लोकांनी ही रोपे भाजी म्हणून खाल्ली. 76 जण आजारी पडले आणि त्यांपैकी 19 दगावले. या रोपाची पहिली दोन पाने लांबट, जाडसर आणि गुळगुळीत असतात. सराट्याच्या रोपाला मात्र दलांनंतरच्या पहिल्या पानापासूनच चिंचेसारख्या जोडीजोडीने पर्णिका (बारीक पाने) येतात, आणि त्या दिसेपर्यंत रोपाला हात लावू नये.

मोठे गोखरू ही तिसरीच वनस्पती आहे. तिचा पाला पाण्यात ढवळला की पाणी बुळबुळीत होते. तेवढी खूण पुरे.

रानातले सगळेच औषधी असते, असे शिबिरात छातीठोकपणे सांगणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. भाजीची कृती सांगताना गोखरू हा शब्द टाळून सराटाच म्हणावे, असा माझा आग्रह आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात तर काहीच खुडू नये. आणि अशी भाजी खाल्ल्यावर कुणाला उलट्या होऊ लागल्या किंवा ग्लानी आली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता उरलेली रोपे पिशवीत घालून रुग्णासह तडक दवाखाना गाठावा.