चेरोकीचा ‘गो’ आणि इंग्रजीचा ‘ए’: दिसायला सेम, पण अक्षरं दोन

अमेरिकेतल्या चेरोकी लोकांच्या लिपीतलं ‘गो’ हे अक्षर हुबेहूब इंग्रजी कॅपिटल ‘ए’सारखं दिसतं, त्यामुळे चेरोकी शब्द लिहिताना इंग्रजी कीबोर्डवरचा ‘ए’ दाबला तर काय बिघडलं असं वाटू शकतं. पण खूप बिघडतं.

आधी हे सारखेपण आलं कुठून ते बघा. सिक्वोया नावाच्या चेरोकी माणसाने १८२१च्या सुमारास ही लिपी तयार केली, त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, रोमन अक्षरांचे आकार मात्र त्याने पाहिले होते, त्यातले काही घेतले आणि उच्चार आपल्या भाषेतले दिले. ग्रेट माणूस! १८२८ला तर जॉर्जियातल्या न्यू एकोटाहून ‘चेरोकी फीनिक्स’ हे वर्तमानपत्र इंग्रजीबरोबर याच लिपीतही छापायला लागले. आकार असे उसने घेतलेले म्हणून ‘डब्ल्यू’सारखा दिसणारा आकार ‘ला’, ‘एच’सारखा ‘मी’, ‘वाय’सारखा ‘गी’. भाषेचं स्वतःचं नाव ‘त्सालागी’ तीन अक्षरांत लिहिलं की इंग्रजी वाचणाऱ्याला ते जी, डब्ल्यू, वाय वाटतं.

आता कॉम्प्युटर आकार साठवत नाही, नंबर साठवतो. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या पद्धतीत, इंग्रजी ‘ए’ आहे यू+००४१ आणि चेरोकी ‘गो’ आहे यू+१३एए. यूटीएफ-८ या ते नंबर साठवायच्या पद्धतीत पहिल्याला १ बाइट लागतो, दुसऱ्याला ३. आपला देवनागरी ‘गो’ लिहायला ग आणि ओकाराची मात्रा असे दोन कोड लागतात, चेरोकीत अख्ख्या ‘गो’चा एकच कोड, कारण तिथे मात्रा हा प्रकारच नाही, गा, गे, गी, गो यांचे आकार एकमेकांशी काही संबंध नसलेले.

म्हणून इंग्रजी ‘ए’ घालून लिहिलेला चेरोकी शब्द सर्चमध्ये सापडत नाही, वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्याला ‘ए’ म्हणतं, आणि चेरोकी क्रमात अकरावं असलेलं अक्षर यादीत भलतीकडेच जाऊन बसतं. स्मॉल केलं की तर उघडच पडतं, ‘ए’चा आकार पूर्ण बदलतो, पण ‘गो’चा स्मॉल म्हणजे तोच आकार लहान, त्याचा कोड यू+एबी७ए. हे स्मॉल २०१५ला युनिकोड ८.० मध्ये आले, मूळ अक्षरं १९९९लाच आली होती आणि आता ती कॅपिटल धरली जातात, त्यामुळे जुना मजकूर मोडू नये म्हणून कॅपिटल-स्मॉल भेद विसरून तुलना करताना बाकी लिप्या स्मॉलकडे वळवतात आणि चेरोकी उलटी, कॅपिटलकडे. हा निर्णय मला फार योग्य वाटतो, सोळा वर्षं लोकांनी टाइप केलेलं जपलं गेलं.

आपल्याकडे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेली मराठी फाइल आठवा, फॉन्ट काढला की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं, कारण आत मराठी कधी नव्हतीच. इंग्रजी ‘ए’ने लिहिलेल्या चेरोकीचं तेच. फॉन्ट नसला तर खऱ्या ‘गो’च्या जागी चौकोन दिसतो हे खरं, पण चौकोनामागे अक्षर शाबूत असतं, फॉन्ट टाकला की दिसतं.

शंका आली तर ते एक अक्षर कॉपी करून युनिकोड नंबर दाखवणाऱ्या कुठल्याही टूलमध्ये पेस्ट करा, १३ने सुरू होणारा नंबर आला तर ‘गो’, ००४१ आला तर ‘ए’. आणि लिहायचंच असेल तर आयफोनच्या सेटिंगमध्ये चेरोकी कीबोर्ड आहे, तो चालू करून लिहा.