पोटरीतली गुठळी आणि डी३ ची पुडी

गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालं की घरी येताना औषधांच्या पिशवीत बऱ्याचदा रक्त पातळ करणारी गोळी असते, आणि सोबत डी३ ची, म्हणजे ड जीवनसत्त्वाची पुडीही. गोळी रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, पुडी हाडांसाठी. मग कुणीतरी विचारतंच, ‘ड जीवनसत्त्वानं गुठळीही टळते म्हणे, खरं काय?’

आधी पोटरीकडे बघू. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकलं की ते शिरा पिळतात आणि शिरांमधल्या झडपा रक्त खाली येऊ देत नाहीत. माणूस अंथरुणाला खिळला की हा पंप बंद. रक्त साचतं, गोठतं. तो तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर जिवावर बेततं.

ड जीवनसत्त्वाचा इथे संबंध आहे, पण प्रयोगशाळेत. त्याचं क्रियाशील रूप पेशींवर सोडलं की रक्त गोठायला सुरुवात करून देणारं ‘टिश्यू फॅक्टर’ कमी होतं आणि गोठणं आवरणारं ‘थ्रॉम्बोमॉड्युलिन’ वाढतं. कोपनहेगनमध्ये १८ हजारांहून अधिक लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा ‘ड’ कमी असलेल्यांत गुठळ्या जास्त आढळल्या.

मला मात्र इथेच शंका येते. कोल्हापूर १७ अक्षांशाच्या आसपास. पावसाळ्याचे महिने सोडले तर उन्हाला तोटा नाही. तरी ‘ड’ कमी कुणाचं निघतं? शिरोली एमआयडीसीतल्या शेडमध्ये दिवस काढणाऱ्याचं, महाद्वार रोडला गल्ल्यावर बसणाऱ्याचं, घराबाहेर न पडणाऱ्या आजीचं. (खिडकीच्या काचेतून येणारं ऊन इथे कामाचं नाही, लागणारे अतिनील किरण काच अडवते.) वय, लठ्ठपणा, बसून राहणं यांनी ‘ड’ही घटतं आणि गुठळीचा धोकाही वाढतो. मग दोष कुणाच्या माथी मारायचा?

याचं उत्तर औषध देऊनच मिळतं. अमेरिकेत पाळी गेलेल्या ३६,२८२ स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज ४०० युनिट ‘ड’ आणि कॅल्शियम दिलं, बाकीच्यांना नुसती दिखाऊ गोळी. सुमारे सात वर्षांनी गुठळ्यांच्या एकूण प्रमाणात ठळक फरक नव्हता. उघड कारण नसताना झालेल्या गुठळ्या तेवढ्या कमी दिसल्या. मात्रा फार कमी होती, हा आक्षेप रास्त आहे. पण तेवढ्यावरून पुडीला गुठळीचं औषध म्हणता येत नाही.

६०,००० युनिटची पुडी साधारण आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच असते. ती रोज घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा पोचते.

एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली तर तेल लावून चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ते बहुधा पायाची डॉपलर सोनोग्राफी सांगतील. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं, तर थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत.