सावल्या वाचण्याचे शिक्षण

छातीचा एक्स-रे किंवा मेंदूचा एमआरआय करून आलेल्या माणसाला ‘रेडिओलॉजिस्ट काय म्हणाले?’ असे विचारले, तर ज्याने त्याला यंत्रासमोर उभे केले आणि श्वास रोखायला सांगितला, त्या व्यक्तीबद्दलच तो बहुधा बोलू लागतो. ती व्यक्ती रेडिओलॉजिस्ट नसते. ती रेडिओग्राफर, म्हणजे तंत्रज्ञ असते. चित्र पाहून अहवाल लिहिणारा डॉक्टर त्या वेळी मंद उजेडाच्या खोलीत दोन-तीन पडद्यांसमोर बसलेला असतो, कधी तर वेगळ्याच शहरात. यंत्रातून किती किरणोत्सर्ग बाहेर पडतो याचा हिशेब ठेवणारा वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ रुग्णाला सहसा भेटतच नाही. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्याने हे तीन मार्ग आधी वेगळे ओळखले पाहिजेत, कारण त्यांचे शिक्षण आणि जबाबदारी निराळी आहे. तिघांच्या प्रशिक्षणात एक गोष्ट मात्र समान आहे, आणि ती बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही: आपली चूक नेमकी कुठे आणि कशी होऊ शकते, हे शिकण्यातच त्यातला मोठा काळ जातो.

तंत्रज्ञाचे काम बटण दाबण्याचे आहे, हा समज सर्वांत चुकीचा. छातीच्या एक्स-रेचे उदाहरण घेऊ. हृदय छातीत पुढच्या बाजूला असते, म्हणून रुग्णाची छाती चित्र टिपणाऱ्या फलकाला टेकवून किरण पाठीकडून सोडतात; हृदय फलकाजवळ राहिल्याने त्याची सावली जवळजवळ खऱ्या आकाराची पडते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीखाली फलक सरकवून समोरून किरण सोडले, तर तेच हृदय फुगलेले दिसते. दिव्याजवळ हात धरला की भिंतीवर पंजा मोठा दिसावा, तसे. पुरेसा खोल श्वास घेतला नसेल, तर फुफ्फुसांचा तळ दाटलेला दिसून निरोगी माणूस आजारी वाटू शकतो. चित्र घेतानाच शिरलेला असा दोष पुढे कितीही निष्णात डोळ्यांनी पाहिले तरी पूर्णपणे दुरुस्त होत नाही. शरीररचना, किरणांचे भौतिकशास्त्र आणि रुग्णाची काळजी या विषयांचे साधारण तीन-चार वर्षांचे पदवी शिक्षण त्यासाठीच असते.

एमआरआयच्या खोलीत तर तंत्रज्ञ हाच सुरक्षेचा पहारेकरी असतो. रुग्णालयांतील नेहमीच्या यंत्राचे चुंबकीय क्षेत्र १.५ किंवा ३ टेस्ला असते, १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट. हे चुंबक अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या, तारांचे असल्यामुळे तपासणी संपली म्हणून बंद होत नाही, ते रात्रंदिवस चालू असते. २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका रुग्णालयात खोलीत आणलेला ऑक्सिजनचा लोखंडी सिलिंडर यंत्राकडे खेचला गेला आणि आत असलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा त्याच्या आघाताने मृत्यू झाला. अंगावर धातू आहे का, असे दाराशी विचारले जाणारे प्रश्न कंटाळवाणे वाटतात, पण त्यांच्यामागे असा इतिहास आहे.

भौतिकशास्त्रज्ञाच्या वाट्याला आलेला इतिहास याहून जुना आहे. विल्हेल्म राँटगेन यांना १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, किरण सोडणारी नळी नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी काम करणारे लोक स्वतःचाच हात किरणांपुढे धरत. त्यांतील अनेकांची बोटे गेली, काहींचे प्राण गेले. हॅम्बुर्गमध्ये १९३६ साली त्यांचे स्मारक उभारण्यात आले. आज हिशेब मिलिसिव्हर्टमध्ये, म्हणजे शरीराला मिळालेला किरणोत्सर्ग मोजण्याच्या एककात, होतो. निसर्गातून प्रत्येकाला वर्षाला जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. छातीच्या एका एक्स-रेमुळे त्यात ०.१ किंवा त्याहूनही कमी भर पडते, तर पोटाच्या सीटी स्कॅनमुळे साधारण ८ ते १०. किरणांजवळ काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट अशी आहे. भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर रुग्णालयातील प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती हे आकडे सांभाळते. निदानाला पुरेल इतके स्पष्ट चित्र कमीत कमी किरणांत मिळवणे हे तिचे काम असते. चित्र सुंदर यावे म्हणून किरण वाढवण्याचा मोह यंत्र चालवणाऱ्या प्रत्येकालाच होतो.

आता रेडिओलॉजिस्टकडे वळू. आधी वैद्यकीय पदवी आणि त्यानंतर देशानुसार तीन ते पाच वर्षे, काही ठिकाणी त्याहूनही अधिक, असे हे प्रशिक्षण असते. इतकी वर्षे तो काय शिकतो? रोगांची चित्रे तो शिकतोच, पण त्याआधी आणि त्याहून अधिक काळ तो निरोगी शरीर पाहत असतो. निरोगी शरीरे एकसारखी नसतात. एखादी जादा बरगडी, वेगळ्या वळणाने गेलेली रक्तवाहिनी, जन्मतःच न जुळलेले आणि फ्रॅक्चरसारखे दिसणारे हाड अशा हजारो निरुपद्रवी तऱ्हा डोळ्यांत मुरल्याशिवाय रोगाची तऱ्हा वेगळी उमटत नाही.

तरीही डोळा फसतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतील संशोधकांनी २४ रेडिओलॉजिस्टना फुफ्फुसांच्या सीटी स्कॅनमधील बारीक गाठी शोधायला सांगितले आणि शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचे चित्र मिसळून दिले. ते सरासरी गाठीच्या ४८ पट मोठे होते. २४ पैकी २० जणांना ते दिसले नाही. नजरेचा माग ठेवणाऱ्या उपकरणाने दाखवले, की त्यांच्यातील बहुतेकांची नजर थेट गोरिलावर पडली होती. म्हणजे नजर पोहोचली, पण गाठ शोधण्यात गुंतलेल्या मनाने त्या दृश्याची दखल घेतली नाही. या प्रयोगाकडे डॉक्टरांच्या फजितीची गोष्ट म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते. लक्ष एकाग्र करण्याची किंमत काय असते, हे त्यातून मोजले गेले.

दुसरी फसगत रोजच्या कामातली आहे. एक फ्रॅक्चर सापडले की समाधान होते, शोध थांबतो आणि शेजारचे दुसरे फ्रॅक्चर निसटते. म्हणून शिकाऊ डॉक्टरांना चित्र पाहण्याचा ठरावीक क्रम लावून दिला जातो आणि जिथे हमखास चुका होतात, त्या जागा शेवटी पुन्हा पाहायला शिकवले जाते: फुफ्फुसांची वरची टोके, हृदयामागचा भाग, श्वासपटलाखालचा भाग, चित्राच्या कडेला आलेली हाडे. अनुभवी माणूसही हा क्रम सोडत नाही. निदान सोडू नये.

या विद्येची एक शाखा अंधाऱ्या खोलीत बसत नाही. १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने, पाय कापून घ्यायला नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या एका स्त्रीच्या पायातील अरुंद झालेली रक्तवाहिनी बाहेरून कॅथेटर (बारीक नळी) घालून रुंद केली आणि तिचा पाय वाचला. त्यातून वाढलेल्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीत आज मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी जांघेतून नेलेल्या बारीक नळीने ओढून काढतात. पक्षाघातावरील या उपचाराची उपयुक्तता २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक चाचण्यांनी पक्की केली. हाताने काम करण्याची ओढ असलेल्यांना ही शाखा खुणावते, मात्र प्रशिक्षणाची वर्षे वाढतात आणि रात्रीची झोप कमी होते.

आणि मग यंत्रांचा प्रश्न येतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक आद्य संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये जाहीरपणे सांगितले होते, की नव्या रेडिओलॉजिस्टना शिकवणे आताच थांबवावे, कारण पाच वर्षांत यंत्रे त्यांच्याहून सरस होतील. पाच वर्षे केव्हाच उलटली, आणि रेडिओलॉजिस्टची टंचाई मात्र अनेक देशांत कायम आहे. हिंटन यांचा अंदाज चुकला तो यंत्रांबद्दल कमी आणि या कामाबद्दल अधिक. प्रत्येक प्रोग्रॅम एका अरुंद प्रश्नाचे उत्तर देतो: रक्तस्राव आहे का, गाठ आहे का. कोणती तपासणी करावी, जुन्या चित्राशी तुलना करता काय बदलले आणि सापडलेल्या गोष्टीचे या रुग्णासाठी महत्त्व किती, हे त्या प्रश्नाच्या बाहेर उरते.

याचा अर्थ यंत्रे कुचकामी आहेत असा नाही. स्वीडनमध्ये ८० हजारांहून अधिक स्त्रियांच्या मॅमोग्राफीवर, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेवर, झालेल्या चाचणीचे पहिले निष्कर्ष २०२३ मध्ये आले. प्रत्येक चित्र दोन डॉक्टरांनी वाचण्याच्या रूढ पद्धतीऐवजी यंत्राने जोखीम ठरवून दिली आणि तिच्यानुसार चित्र एकाने वाचायचे की दोघांनी हे ठरले, तेव्हा वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी कमी झाले आणि कर्करोग सापडण्याचे प्रमाण घटले नाही. छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोगाचे संशयित निवडण्यासाठी, १५ वर्षे व त्यापुढील वयोगटात, माणसाऐवजी संगणकीय वाचन वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. जिथे वाचणारा डॉक्टरच नाही, तिथे ही मदत मोलाची आहे.

पण यंत्राचेही गोरिला असतात, फक्त निराळे. फुफ्फुसाभोवती हवा साठल्याचे ओळखणाऱ्या काही प्रोग्रॅमांची बारकाईने तपासणी केली, तेव्हा त्यांचा बराचसा भरवसा हवेवर नव्हे, तर ती काढण्यासाठी छातीत घातलेल्या नळीवर असल्याचे आढळले. ज्याच्यावर उपचार सुरू झाले आहेत तो रुग्ण त्यांना अचूक सापडे. ज्याला अजून नळी घातलेली नाही, आणि ज्याच्यासाठी प्रोग्रॅम हवा होता, त्याच्या बाबतीत ते कमी पडत. न्यूमोनिया ओळखणाऱ्या एका प्रोग्रॅमच्या २०१८ मधील अभ्यासात, चित्र कोणत्या रुग्णालयातून आले हे यंत्राला जवळजवळ बिनचूक कळते आणि बाहेरच्या रुग्णालयातील चित्रांवर त्याची कामगिरी घसरते, असे दिसून आले. विद्यार्थ्याने गणित न सोडवता पुस्तकाच्या मागची उत्तरे पाठ करावीत, तसा हा प्रकार.

माणूस आणि यंत्र एकत्र आले की चुका आपोआप कमी होतील, ही अपेक्षाही तपासून घ्यावी लागते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २७ रेडिओलॉजिस्टना मॅमोग्राफीची चित्रे यंत्राच्या मतासह दाखवली आणि काही मते मुद्दाम चुकीची ठेवली. यंत्र बरोबर असताना सगळ्यांचीच अचूकता ८० टक्क्यांच्या आसपास होती. यंत्र चुकले, तेव्हा कमी अनुभवाच्या डॉक्टरांची अचूकता २० टक्क्यांच्या आसपास आली आणि अत्यंत अनुभवी डॉक्टरांचीही ४५ टक्क्यांच्या जवळ. मला या आकड्यांतील सर्वांत चिंतेची गोष्ट शिकणाऱ्यांविषयीची वाटते. निरोगी चित्रे परस्पर बाजूला काढण्याचे काम यंत्राने घेतले, तर ज्या हजारो निरोगी चित्रांवर नवशिक्याचा डोळा घडतो, ती त्याच्यापुढे येणार कुठून?

यंत्रसामग्रीतील बदल मात्र निर्विवाद स्वागतार्ह आहेत. नेहमीच्या सीटी यंत्रातील संवेदक क्ष-किरणांचे आधी प्रकाशात आणि मग विद्युत संकेतात रूपांतर करतो. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या फोटॉन मोजणाऱ्या सीटीत कॅडमियम टेल्युराइडचा संवेदक प्रत्येक फोटॉन (किरणांचा सुटा कण) सरळ मोजतो आणि त्याची ऊर्जाही नोंदवतो, त्यामुळे कमी किरणांत बारीक तपशील आणि ऊतींमधील पदार्थांची ओळख मिळते. दुसऱ्या टोकाला, अवघ्या ०.०६४ टेस्लाचे चाकांवरचे एमआरआय यंत्र थेट रुग्णाच्या पलंगापाशी नेता येते. त्याचे चित्र मोठ्या यंत्राइतके रेखीव नसते, पण अतिदक्षता विभागातून ज्याला हलवणेच धोक्याचे, त्याच्या बाबतीत ती तुलना गैरलागू ठरते.

या सगळ्यामुळे तिन्ही मार्गांवरचे काम वाढले आहे. तंत्रज्ञाला नवी यंत्रे शिकावी लागतात. प्रतिमांचा साठा आणि प्रोग्रॅमांची जोडणी सांभाळणारे संगणकतज्ज्ञ आता विभागाचाच भाग झाले आहेत. विकत घेतलेला प्रोग्रॅम आपल्याच रुग्णालयातील जुन्या, निदान ठाऊक असलेल्या चित्रांवर तपासून पाहणे, आणि स्कॅनर बदलला की तीच तपासणी पुन्हा करणे, हे काम अनेकदा भौतिकशास्त्रज्ञाकडे येते. शिकाऊ डॉक्टरांसाठी एक साधा नियम करता येण्याजोगा आहे: आधी स्वतःचे मत लिहून जतन करायचे, आणि मगच यंत्राचे मत उघडायचे. जिथे दोन मते जुळत नाहीत, ती चित्रे आठवड्यातून एकदा वरिष्ठांबरोबर बसून पाहायची.